पावती आणि पोच : असमकालिक आज्ञावलींचा सामाईक सांधा

भिलाईच्या नेहरू नगरात सायंकाळी एखाद्या किराणा दुकानाशी क्षणभर उभे राहिले, तर एक दृश्य हटकून दिसते. गिऱ्हाईक सामान निवडते, दुकानदाराने दर्शनी लावलेल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनासमोर आपला फोन धरते, रक्कम व गुप्त अंक दाबते, आणि मग ते व दुकानदार असे दोघेही काही काळ स्तब्ध होतात. बहुधा दोन-चार सेकंदांत रक्कम पोचल्याचे उत्तर येते आणि दोघे आपापल्या कामास लागतात. परंतु केव्हा केव्हा पडद्यावरील वर्तुळ फिरतच राहते. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश आलेला असतो; दुकानदाराच्या खात्यात मात्र काहीच जमा दिसत नाही. रक्कम पुन्हा धाडावी, तर ती दोनदा जाण्याचे भय. न धाडावी, तर दुकानदाराने सामान कशाच्या भरवशावर द्यावे? महिनाअखेरीस आठशे रुपयांचा जिन्नस घेणाऱ्या कुटुंबास हा प्रश्न लहान नाही, आणि तुटपुंज्या नफ्यावर धंदा करणाऱ्या दुकानदारासही नाही.

दोघांच्या गोंधळाचे मूळ एकच आहे. मागणी केलेली आहे, पण उत्तर आलेले नाही. संगणकशास्त्रात या अवस्थेचा विचार सुमारे पन्नास वर्षे चालू आहे. तिच्यावर निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे उपाय योजले, त्या उपायांचे आपसांत जुळेना, आणि मग ते जुळविण्यासाठी सर्वांना मान्य होईल असा एक सामाईक सांधा घडवावा लागला. हा सांधा कसा घडतो, त्यात काय घ्यावे लागते आणि काय वगळावे लागते, हे आपणास पाहावयाचे आहे.

टपाल कचेरीची खिडकी

भिलाईत मराठी कानी पडते यात नवल नाही. छत्तीसगड व विदर्भ हे दोन्ही भाग १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे नोकरीस आली. त्या काळी घरी पैसे पाठवावयाचे म्हणजे मनीऑर्डर करावयाची. खिडकीशी रक्कम व भरलेला फॉर्म दिला की कारकून शिक्का मारून पावती देई. ती घेऊन माणूस परत कामावर जाई. काही दिवसांनी गावच्या पोस्टमनने घरच्यांची सही किंवा अंगठा घेतलेला कागद, म्हणजे पोच, त्याच्या हाती पडे.

हे दोन कागद एक नव्हेत, ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांना पक्की ठाऊक होती. पावतीचा अर्थ इतकाच की तुमचे काम स्वीकारले आहे. काम झाले किंवा झाले नाही, हे पोच सांगते. दोहोंच्या मधला काळ धाडणाऱ्याने खिडकीशी उभे राहून काढावयाचा नसतो. पोच आली नाही तर पावतीवरील क्रमांक दाखवून चौकशी करावयाची असते. कोणी शहाणा माणूस केवळ पोच आली नाही म्हणून दुसरी मनीऑर्डर करीत नसे. आणि पत्त्यावर माणूस सापडला नाही तर रक्कम वाटेत कोठे तरी नाहीशी न होता धाडणाऱ्याकडे परत येई.

ज्या व्यवहारात मागणारा उत्तर येईपर्यंत खोळंबून राहत नाही, उत्तर आपल्या वेळी स्वतंत्रपणे येते, त्या व्यवहारास असमकालिक म्हणतात. मनीऑर्डर असमकालिक होती. नेहरू नगरच्या दुकानात फोनवरून होणारा व्यवहारही असमकालिकच आहे. फरक इतकाच की दिवसांच्या जागी सेकंद आल्यामुळे आपणास तो तसा वाटत नाही, आणि म्हणूनच तो अडला की आपण गांगरतो.

मुंबईतील जोडस्थान

या व्यवहाराचे नाव युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस, संक्षेपाने यूपीआय. भारतीय राष्ट्रीय देयक निगमाने मुंबई येथे ११ एप्रिल २०१६ रोजी २१ बँकांसह तो सुरू केला. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांची संख्या प्रथमच एक हजार कोटींच्या पलीकडे गेली. त्याच्या नावातच 'इंटरफेस' हा शब्द आहे. या शब्दास आपण येथे 'सांधा' म्हणू. रुळास रूळ जेथे जुळतो त्या जागेस रेल्वेतील माणसे तोच शब्द वापरतात.

एका साध्या देयकात मुंबईच्या जोडस्थानाखेरीज चार संस्था गुंतलेल्या असू शकतात. पैसे देणाऱ्याच्या फोनवरील ॲप चालविणारी बँक, त्याचे खाते असलेली बँक, घेणाऱ्याच्या ॲपची बँक आणि घेणाऱ्याच्या खात्याची बँक. या चौघींची यंत्रे एकसारखी नाहीत. आज्ञावली निरनिराळ्या भाषांत लिहिलेल्या आहेत, काही जुन्या आहेत, काही नव्या, आणि प्रत्येकीची काम करण्याची गती वेगळी आहे. त्या सर्वांना एकाच वेळी टेलिफोनची तार धरून बसावयास लावले असते, तर सर्वांत मंद बँकेच्या गतीने सगळा देश चालला असता.

म्हणून यूपीआयच्या सांध्यात नियम असा आहे की कोणताही संदेश मिळताच तो मिळाल्याची पावती ताबडतोब द्यावयाची आणि ते संभाषण तेथेच संपवावयाचे. खरे उत्तर मागाहून, स्वतंत्र संदेशाने येते. दुकानात गिऱ्हाइकाने अंक दाबल्यावर मागणी मुंबईस जाते, तेथून पावती मिळते. मग जोडस्थान दुकानदाराच्या बाजूस पत्ता विचारते, तिकडूनही आधी पावती व मागाहून उत्तर. पुढे एका बँकेस रक्कम वजा करण्याचा आदेश जातो, दुसरीस जमा करण्याचा. प्रत्येक वेळी तीच रीत. या साऱ्या येरझाऱ्यांत एक गोष्ट कायम राहते, ती म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर तो नवा व्यवहार मानावयाचा नाही. आणि उत्तर वेळेत आले नाही तर त्या क्रमांकाचे काय झाले, हे विचारण्यासाठी एक वेगळा संदेश ठरलेला आहे.

गिऱ्हाईक उतावीळपणे पुन्हा अंक दाबते तेव्हा नेमकी हीच व्यवस्था निकामी होते. फोन नव्या क्रमांकाने नवी मागणी करतो. यंत्राच्या दृष्टीने या दोन वेगळ्या मनीऑर्डरी असतात आणि दोन्ही पोचविणे त्याचे कर्तव्य ठरते.

खोळंबा किती महाग?

बँकांमधील ही गोष्ट झाली. परंतु तोच प्रश्न एकेका संगणकाच्या पोटातही आहे, आणि आपला मुख्य विषय तो आहे. कारण या चार बँकांपैकी प्रत्येकीत बसलेल्या आज्ञावलीस दर क्षणी हजारो उत्तरांची वाट पाहावी लागते.

एक हिशेब करून पाहू. भिलाईहून मुंबई रेल्वेमार्गाने सुमारे १,१०० किलोमीटर आहे. काचतंतूंची तार त्याच मार्गाने गेली असे धरू. काचेतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे वाटेत कोठेही न थांबता संदेश जाऊन येण्यास एका सेकंदाच्या हजार भागांपैकी ११ भाग लागतील. आपणास हा काळ जाणवणारही नाही. परंतु सेकंदास तीनशे कोटी ठोके घेणाऱ्या प्रक्रियकाचे तेवढ्यात ३ कोटी ३० लक्ष ठोके होऊन जातात. आज्ञावली उत्तरासाठी नुसती उभी राहिली तर इतके काम वाया जाते, आणि तेही एका मागणीपायी.

यावर पहिला उपाय सुचतो तो म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकास स्वतंत्र कारकून देणे. शंभर गिऱ्हाइकांपर्यंत तो ठीक चालतो. हजारो झाली की कारकुनांनाच बसावयास जागा उरत नाही आणि यजमानाचा वेळ त्यांना उठविण्या-बसविण्यात जातो. एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइके कशी सांभाळावीत, हा प्रश्न डॅन केगल यांनी १९९९ मध्ये नेटका मांडला आणि त्यानंतर दुसऱ्या उपायाकडे लोक वळले.

तो उपाय असा. कारकून एकच ठेवावा. पण त्याने कोणत्याही गिऱ्हाइकासाठी थांबू नये. एकाचा अर्ज घ्यावा, तो पुढे पाठवावा, उत्तर आल्यावर काय करावयाचे याची चिठ्ठी खणात ठेवावी आणि दुसऱ्याकडे वळावे. उत्तरांची पेटी अधूनमधून उघडून ज्यांची उत्तरे आली असतील त्यांच्या चिठ्ठ्या काढून पुढील काम करावे. या न संपणाऱ्या येरझारीस आपण 'फेरा' म्हणू. फेरा कसा चालवावा, खण कसे मांडावेत, चिठ्ठी कशी लिहावी, ही सर्व तजवीज जी तयार स्वरूपात मिळते ती असमकालिक आज्ञावलींची चौकट. आपण आपली कामे तिच्यात बसवावयाची. तिची एकच अट कडक आहे: कोणत्याही कामाने कारकुनास अडवून धरता कामा नये, नाहीतर त्याच्याबरोबर सगळी रांग अडते.

अशा चौकटी एक नव्हे, पुष्कळ निघाल्या. पायथन भाषेत 'ट्विस्टेड' निघाली, 'टॉर्नेडो' निघाली; जावास्क्रिप्ट भाषेत 'नोड' २००९ मध्ये आली. प्रत्येकीचे कर्ते चतुर होते आणि प्रत्येकाने चिठ्ठी आपल्या पद्धतीने लिहिली.

दोन मापांचे रूळ

रायपूर भिलाईपासून फार दूर नाही. रायपूर ते धमतरी ही ७६२ मिलिमीटर अंतराच्या रुळांची छोटी लाइन कित्येक दशके चालली. मुख्य मार्गाच्या रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर. छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर जाऊ शकत नाही. म्हणून अशा स्थानकात माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. दोन्ही गाड्या चांगल्या, दोन्ही चालक कुशल, तरी हमालीचा खर्च चुकत नसे.

चौकटींचे नेमके असेच झाले. एका चौकटीसाठी कोणी माहितीकोशाशी बोलणारी उत्तम आज्ञावली लिहावी, तर दुसऱ्या चौकटीत तिचा उपयोग नसे. तिची चिठ्ठी येथला कारकून वाचू शकत नसे. मग तीच वस्तू पुन्हा लिहावयाची किंवा मध्ये दुभाषा बसवावयाचा, आणि दुभाषाच्या चुका वेगळ्या निस्तरावयाच्या.

भिलाईच्या कारखान्यात रूळ तयार होतात हे सर्वांस ठाऊक आहे. त्या रुळांवरून कोळशाची मालगाडी जाते आणि प्रवासी गाडीही जाते. रुळांतील अंतराचा करार डब्याच्या रंगाविषयी बोलत नाही, इंजिनाच्या जातीविषयीही नाही. तो दोन-चार गोष्टी काटेकोर ठरवितो आणि बाकीच्या ठरविण्याचे नाकारतो. माझ्या मते सामाईक सांधा घडविण्याचे सारे कसब या नाकारण्यात आहे, आणि जावास्क्रिप्टचा इतिहास त्याचा सर्वांत चांगला दाखला आहे.

वचनचिठ्ठीची गोष्ट

जे मूल्य अजून आलेले नाही पण येणार आहे, त्याच्या जागी आज्ञावलीत एक वस्तू ठेवावी, ही कल्पना जुनी आहे. डॅनिएल फ्रीडमन व डेव्हिड वाइझ यांनी १९७६ मध्ये तिला 'प्रॉमिस' म्हणजे वचन असे नाव दिले. बार्बरा लिस्कॉव्ह व ल्यूबा श्रीरा यांनी १९८८ मध्ये दूरच्या यंत्राकडून येणाऱ्या उत्तरांसाठी तिचा पद्धतशीर विचार केला. आपल्याकडील हुंडी ज्याने पाहिली आहे त्यास ही कल्पना परकी वाटणार नाही. हुंडी म्हणजे पैसे नव्हेत; पण ती हातोहात देता येते, आणि ती वटली किंवा परत आली की पुढचा व्यवहार ठरतो. या वस्तूस आपण वचनचिठ्ठी म्हणू.

२०११ च्या सुमारास जावास्क्रिप्टच्या जगात वचनचिठ्ठ्यांचा सुकाळ झाला. 'जेक्वेरी' या अत्यंत लोकप्रिय संचात त्या वर्षी एक प्रकार आला. क्रिस कोवल यांच्या 'क्यू' या संचात दुसरा होता. दिसावयास सर्व सारख्या. सर्वांना 'देन' नावाची एक क्रिया होती. 'देन' म्हणजे 'मग'. उत्तर आले की मग हे कर, असे तिच्याद्वारे सांगावयाचे. पण बाह्य सारखेपणा फसवा होता. मध्येच एखाद्या पायरीवर चूक झाली तर क्यूची चिठ्ठी ती चूक पुढच्या पायरीस कळवी. जेक्वेरीची कळवीत नसे. न वटलेली हुंडी एका पेढीवर परत यावी आणि दुसरीवर गहाळ व्हावी, तशातला हा प्रकार.

२०१२ मध्ये डोमेनिक डेनिकोला यांनी या भेदावर बोट ठेवणारा एक लेख लिहिला. सारखेपणा नावात नसून वागणुकीत हवा, हे त्यांचे म्हणणे संचांच्या पुष्कळ कर्त्यांना पटले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी मिळून 'प्रॉमिसेस-ए-प्लस' नावाचा करार तयार केला.

हा करार वाचणाऱ्यास प्रथम आश्चर्य वाटते ते त्याच्या आखूडपणाचे. वचनचिठ्ठी कशी निर्माण करावी? करार सांगत नाही. उत्तर तिच्यात कोणी, कसे भरावे? सांगत नाही. ती रद्द कशी करावी? तेही नाही. या प्रत्येकावर मतभेद होते आणि ते मिटण्याची वाट पाहिली असती तर करार कधीच झाला नसता. कर्त्यांनी एवढेच ठरविले की दुसऱ्याच्या हातातील वचनचिठ्ठी आपल्या हाती आली तर 'देन' म्हटल्यावर ती कशी वागेल.

ते मात्र त्यांनी फार कसून ठरविले. चिठ्ठी एकवचनी असावी; एकदा वटली किंवा नाकारली गेली की तिचे उत्तर बदलू नये. ठेवलेला निरोप एकदाच द्यावा, दोनदा नव्हे. चूक झाली तर ती कोणी हाती घेईपर्यंत पायरी-पायरीने पुढे जात राहावी. आणखी एक नियम वरवर विचित्र वाटतो. उत्तर अगोदरच तयार असले तरी निरोप त्याच क्षणी द्यावयाचा नाही. हातातील काम संपल्यावरच द्यावयाचा. याचे कारण असे की एरवी एकच आज्ञावली उत्तर जवळ असता एका क्रमाने चालेल आणि दुरून यावयाचे असता दुसऱ्या क्रमाने. अशी चूक शोधणे महाकठीण, कारण ती परीक्षा घेताना दिसत नाही आणि गिऱ्हाईक आले की दिसते.

करारासोबत आठशेंहून अधिक चाचण्यांचा एक संच प्रसिद्ध करण्यात आला. आपली चिठ्ठी कराराप्रमाणे आहे, असे म्हणणाऱ्याने तो चालवून दाखवावयाचा. शब्दांचा अर्थ ज्याच्या त्याच्या परीने लागतो. चाचणीस अशी मुभा नाही. बँकेसही यूपीआयमध्ये सामील होण्यापूर्वी प्रमाणनाच्या परीक्षेतून जावे लागते, ते याच कारणाने.

२०१५ मध्ये वचनचिठ्ठी जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाणातच समाविष्ट झाली. जेक्वेरीनेही २०१६ मधील तिसऱ्या आवृत्तीत आपली वागणूक कराराशी जुळवून घेतली. अर्थात किंमत द्यावी लागली. जिच्यापाशी 'देन' नावाची क्रिया आहे ती वस्तू वचनचिठ्ठी समजावी, असे ठरल्यामुळे त्या साध्या नावाचा दुसऱ्या कशासाठी उपयोग करणे धोक्याचे झाले. एक शब्द भाषेतून कायमचा खर्ची पडला.

पायथनचा मार्ग

पायथनमध्ये हे काम वरून झाले. भाषेचे जनक गीडो व्हान रॉसम यांनी डिसेंबर २०१२ मध्ये स्वतःच प्रस्ताव मांडला व मार्च २०१४ च्या आवृत्तीत तो 'असिंकआयओ' या नावाने आला. त्यांनी केवळ चिठ्ठीचा नव्हे, फेऱ्याचाही सांधा ठरविला. म्हणजे कारकून कोणाचाही असो, त्यास काम सांगण्याची रीत एक. टॉर्नेडो २०१८ पासून याच फेऱ्यावर चालू लागली. ट्विस्टेडही त्यावर चालविता येते.

पायथनमध्येच आणखी एका सांध्याची कथा बोधक आहे. संकेतस्थळाचा सर्व्हर व आज्ञावली यांच्यामधला 'विस्गी' नावाचा करार फिलिप ईबी यांनी २००३ मध्ये मांडला. त्याची घडण अशी की सर्व्हरने मागणी द्यावी, आज्ञावलीने उत्तर द्यावे, संपले. एक प्रश्न, एक उत्तर. तो इतका यशस्वी झाला की दशकभर कोणास त्याच्या मर्यादेची आठवण राहिली नाही. पुढे खुले राहणारे संभाषण हवे झाले, ज्यात दोन्ही बाजू केव्हाही बोलतील. क्रिकेटची धावसंख्या दर चेंडूस बदलावी, तर प्रेक्षकाने दर वेळी विचारावे हे बरे नव्हे. विस्गीच्या खिडकीत हे बसेना. अँड्रू गॉडविन यांनी त्याचा असमकालिक वारस 'अस्गी' घडविला. त्यात आज्ञावलीच्या हाती तीन वस्तू देतात: संभाषणाची ओळख, संदेश घेण्याची क्रिया व संदेश धाडण्याची क्रिया. किती घ्यावेत, किती धाडावेत, यावर बंधन नाही. 'जँगो' या प्रसिद्ध चौकटीने डिसेंबर २०१९ मध्ये त्यास मान्यता दिली.

मात्र थोडेच ठरवावे, या तत्त्वाचाही अतिरेक होतो. रस्ट या भाषेने २०१९ मध्ये वचनचिठ्ठीचा सांधा प्रमाणात घेतला. फेरा मुद्दाम घेतला नाही आणि वाचन-लेखनाचे सांधेही घेतले नाहीत. परिणामी पुष्कळ आज्ञावली 'टोकिओ' या एकाच चौकटीस बांधल्या गेल्या. चिठ्ठी सर्वांची एक, पण कचेरी बदलण्याची सोय नाही, अशी तेथील स्थिती झाली.

भट्टी थांबत नाही

आतापर्यंत एका मागणीस एक उत्तर धरले. पण उत्तरांचा प्रवाह असेल तर? झोतभट्टी रात्रंदिवस चालते. वितळलेले लोखंड ठरलेल्या वेळी बाहेर काढावेच लागते. पोलाद करणाऱ्या विभागाची लय वेगळी असते. मध्ये लोखंड तप्त ठेवणारी पात्रे असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. पुढचा विभाग घेऊ शकत नसेल तर ते मागे कळावे लागते, आणि जास्तीच्या लोखंडाचे ठोकळे ओतावे लागतात. कळलेच नाही तर अपघात.

आज्ञावलींत पात्र म्हणजे स्मृती. धाडणारा वेगवान व घेणारा मंद असला तर स्मृती भरून यंत्र कोसळते. नेटफ्लिक्स, पिव्होटल व टाइपसेफ या कंपन्यांतील अभियंत्यांनी २०१३ मध्ये यावर एकत्र विचार सुरू केला व २०१५ मध्ये 'रिॲक्टिव्ह स्ट्रीम्स' हा करार प्रसिद्ध केला. त्यात अवघे चार सांधे आणि सात क्रिया आहेत. त्यांपैकी कळीची क्रिया घेणाऱ्याच्या हाती आहे: मला आणखी इतके दे. मागितल्यापेक्षा अधिक धाडण्याचा हक्क धाडणाऱ्यास नाही. २०१७ मध्ये जावा भाषेच्या नवव्या आवृत्तीने हे चारही सांधे जसेच्या तसे घेतले.

न आलेले उत्तर

सर्वांत अवघड भाग अजून उरला आहे. यश कसे कळवावे, यावर सर्व चौकटींचे एकमत लवकर होते. अपयशावरही होते. वाद होतो तो तिसऱ्या अवस्थेवर, जेव्हा मागणारा म्हणतो, आता मला उत्तर नको, थांबवा.

जावास्क्रिप्टमध्ये वचनचिठ्ठी रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि २०१६ मध्ये तो मागे घेण्यात आला. अडचण तत्त्वाची होती. एकच चिठ्ठी दहा जणांच्या हाती असू शकते. त्यांतील एकाने ती फाडली तर इतर नऊ जणांचे काय? पायथनने रद्द करणे म्हणजे एक प्रकारची चूक असे मानले. मग लोकांनी सर्व चुका पकडून दुर्लक्षिणारी जी सवयीची वाक्ये लिहिली होती, त्यांनी रद्द करण्याचा आदेशही गिळून टाकला आणि थांबविलेली कामे चालूच राहिली. २०१९ मधील आवृत्तीत तो आदेश सामान्य चुकांच्या वर्गातून बाहेर काढावा लागला. एवढासा बदल, पण त्यामागे पाच वर्षांचा मनस्ताप आहे.

यूपीआयमध्ये गुप्त अंक दिल्यावर व्यवहार थांबविण्याची सोय गिऱ्हाइकास नाही. मुदत संपली म्हणजे व्यवहार फसला, असेही म्हणता येत नाही. मुदत संपणे याचा अर्थ एवढाच की काय झाले ते आपणास कळलेले नाही. रक्कम जमा करून बँकेने उत्तर धाडले असेल आणि ते वाटेत अडले असेल, किंवा मुळात आदेशच पोचला नसेल. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसते. यंत्रास येथे एकच मार्ग मोकळा असतो, तो म्हणजे त्याच क्रमांकाची विचारणा पुन्हा पुन्हा करणे. आणि जेथे यंत्रांचा करार संपतो तेथे माणसांचा करार पुढे येतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरविले की एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाली नाही तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी. दुकानदारास निश्चिती मिळाली नसेल तर पाच दिवसांत. त्यापुढील प्रत्येक दिवसास बँकेने गिऱ्हाइकास शंभर रुपये द्यावेत. गिऱ्हाइकाने तक्रार करण्याची वाट पाहावयाची नाही.

नेहरू नगरच्या दुकानात वर्तुळ अजून फिरत असेल, तर दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या पडद्याकडे पाहून उपयोग नाही. त्या पडद्यावर फार तर पावती दिसेल. त्याची पोच त्याच्या स्वतःच्या फोनवर किंवा फळीवर ठेवलेल्या बोलक्या पेटीतून, वेगळ्या वाटेने यावयाची आहे. गिऱ्हाइकाने व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक लिहून घ्यावा, तो दुकानदारास द्यावा, आणि घाई असेल तर आजचे पैसे रोखीने चुकते करावेत. अडलेली रक्कम दुकानदाराकडे पोचली तर क्रमांकावरून ओळखता येईल व पुढच्या खरेदीत वळती होईल. न पोचली तर खात्यात परत येईल. अंक मात्र दुसऱ्यांदा दाबू नयेत.